स्वादुपिंडातील बेटे
(डॉक्टर पॉल लांगरहान्स यांचे अल्पचरित्र)

आपल्या श्रमाचे फळ हयातीतच पाहावयास मिळणे हे मोठे भाग्य होय. परंतु ते सर्वांच्याच वाट्यास येत नाही. कित्येक पुरुष बी पेरून निघून जातात, आणि त्या बीजातून कोणता वृक्ष वाढणार, त्याच्या छायेत कोण विसावणार, याची त्यांस कल्पनाही नसते. मोहरीच्या दाण्याचा दृष्टान्त आपण प्रार्थनेच्या वेळी अनेकदा ऐकतो. तो दाणा पेरणारास पुढे त्या झाडावर घरटी बांधणारे पक्षी दिसलेच असतील असे नाही. अशाच एका पेरणाऱ्याची हकीकत आज आमच्या बालवाचकांस व त्यांच्या पालकांस सांगावयाची आहे. त्याचे नाव पॉल लांगरहान्स.

हे नाव वाचकांपैकी पुष्कळांस अपरिचित वाटेल; परंतु मधुमेह हा शब्द कोणासही अपरिचित नाही. ज्या घरात किंवा ज्याच्या नात्यात या व्याधीने पाऊल टाकलेले नाही असे घर आज शोधूनच काढावे लागेल. रोज ठरल्या वेळी सुई टोचून इन्सुलिन घेणारे आजोबा, काका किंवा क्वचित एखादा वर्गबंधूही आपल्या पाहण्यात असतो. त्या इन्सुलिनची कथा जेथून सुरू होते, तेथे एकवीस वर्षांचा एक विद्यार्थी सूक्ष्मदर्शक यंत्रावर वाकून बसलेला आहे. तोच आपला चरित्रनायक होय.

पॉलचा जन्म २५ जुलै १८४७ रोजी जर्मनीतील बर्लिन शहरी झाला. त्याचे वडील नामांकित वैद्य होते व नगराच्या सार्वजनिक कारभारातही ते अग्रेसर असत. आईचे सुख मात्र पॉलला फार दिवस लाभले नाही. तो अवघा सहा वर्षांचा असताना ती वारली. शिक्षणासाठी त्यास बर्लिनमधील एका जुन्या व प्रसिद्ध विद्यालयात घालण्यात आले. हे विद्यालय पूर्वीच्या एका मठाच्या जागेत असून, जर्मनीचा सुप्रसिद्ध मुत्सद्दी बिस्मार्क हाही तेथलाच विद्यार्थी होता. विद्यालयाचे शिक्षण पुरे झाल्यावर पॉलने वडिलांचाच व्यवसाय पत्करण्याचे ठरविले आणि प्रथम येना येथील विद्यापीठात व नंतर बर्लिन येथे तो वैद्यकाचा अभ्यास करू लागला.

त्या वेळी जर्मनीत वैद्यकशास्त्राचा मोठा उत्कर्षकाल चालू होता. येना येथे प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल हे त्यास गुरू म्हणून लाभले. बर्लिनमध्ये तर रुडोल्फ फिरखो यांच्यासारखा महापंडित अध्यापन करीत होता. मनुष्याचे शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे, प्रत्येक पेशी दुसऱ्या पेशीपासूनच उत्पन्न होते, आणि रोगाचे मूळ शोधावयाचे तर ते पेशीतच शोधले पाहिजे, अशी फिरखो यांची शिकवण होती. ते पॉलच्या वडिलांचे स्नेही होते. अशा गुरूच्या सहवासात त्या तरुणास सूक्ष्मदर्शक यंत्राची गोडी लागली नसती तरच नवल!

सन १८६८ मध्ये, अद्याप विद्यार्थिदशेत असतानाच, पॉलने पहिला शोध लावला. सोन्याच्या एका क्षाराने त्वचेचे पातळ काप रंगविण्याची एक नवी रीत त्या वेळी प्रचारात येत होती. ती वापरून त्याने मनुष्याच्या त्वचेचे निरीक्षण केले, तेव्हा तिच्या वरच्या थरात झाडाप्रमाणे फांद्या फुटलेल्या काही काळसर पेशी त्यास दिसल्या. त्या ज्ञानतंतूंच्या जातीच्या असाव्यात असे त्यास वाटले. हा तर्क चुकीचा ठरला. शरीरात शिरू पाहणाऱ्या रोगजंतूंची वर्दी देणाऱ्या पहारेकऱ्यांचे काम त्या पेशी करतात, हे समजण्यास पुढे शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. तर्क चुकला तरी निरीक्षण मात्र अचूक होते, आणि म्हणूनच त्या पेशी आजही लांगरहान्सच्याच नावाने ओळखल्या जातात.

यानंतर डॉक्टरीच्या पदवीसाठी प्रबंध लिहिण्याची वेळ आली. पॉलने विषय निवडला तो स्वादुपिंडाच्या सूक्ष्म रचनेचा. स्वादुपिंड ही जठराच्या मागे आडवी पसरलेली एक मऊ, लांबट ग्रंथी होय. तिच्यातून पाचक रस झरतो व तो एका नळीवाटे लहान आतड्यात जाऊन अन्नाचे पचन करतो. हा रस स्निग्ध पदार्थ पचविण्याच्या कामी कसा उपयोगी पडतो, हे क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने पूर्वीच दाखवून दिले होते. ग्रंथीचे कार्य असे बरेचसे कळले असले, तरी तिच्या अंतरंगाची बारीक पाहणी फारशी कोणी केलेली नव्हती. हे काम दिसावयास साधे, परंतु करावयास अत्यंत किचकट होते. कारण ही ग्रंथी प्राण्याच्या मृत्यूनंतर आपल्याच रसाने त्वरित विरघळू लागते.

या कामासाठी त्याने मुख्यतः सशाचे स्वादुपिंड पसंत केले. मनुष्याच्या स्वादुपिंडाप्रमाणे ते घट्ट गोळ्यासारखे नसून, आतड्याच्या पातळ पडद्यात विरळ पसरलेले असते. त्यामुळे यंत्राखाली पाहण्यास ते सोयीचे पडते. त्याच्या नळीत त्याने निळा रंग भरला व त्या रंगाच्या खुणेने मोठ्या नळीपासून अतिसूक्ष्म नलिकांपर्यंत तो मार्ग काढीत गेला. ग्रंथीचे तुकडे निरनिराळ्या द्रवांत भिजत घालून, त्यांच्या पेशी एकमेकींपासून मोकळ्या करून त्याने तपासल्या. अशा रीतीने त्यास नऊ प्रकारच्या पेशी आढळल्या. त्यांपैकी आठ प्रकार कोणत्या ना कोणत्या कामाचे म्हणून ओळखता येत होते. काही रस तयार करणाऱ्या होत्या, काही नलिकांना आतून अस्तर लावणाऱ्या होत्या, काही ज्ञानतंतूंच्या होत्या. परंतु नववा प्रकार कोणत्याच वर्गात बसेना.

या पेशी लहान व बहुकोनी असून त्यांचे अंग स्वच्छ व चकचकीत दिसे. रस तयार करणाऱ्या पेशींत जसे दाणे आढळतात तसे यांच्यात नव्हते. त्या एकेकट्या न राहता लहान लहान पुंजक्यांनी वसलेल्या होत्या, आणि हे पुंजके संपूर्ण ग्रंथीभर विखुरलेले होते. एकेका पुंजक्याचा व्यास मिलिमीटरच्या दशांशापासून सुमारे पाव मिलिमीटरपर्यंत भरे. अथांग समुद्रात मधूनमधून बेटे दिसावीत, तसे ते पुंजके रसपेशींच्या पसाऱ्यात उठून दिसत.

आता पॉलपुढे प्रश्न उभा राहिला की, या पेशींचे कार्य काय म्हणून लिहावे? परीक्षकांपुढे जावयाचे, गुरुजनांवर छाप पाडावयाची, पदवी मिळवावयाची. अशा वेळी एखादा डौलदार सिद्धान्त रचून मोकळे होण्याचा मोह कोणासही होईल. त्यातून, आदल्याच वर्षी नव्या पेशी शोधल्याबद्दल त्याचा नावलौकिक झालेला. परंतु या तरुणाने तसे काही केले नाही. पेशी कशा दिसतात, कोठे असतात, त्यांचे माप काय, हे सर्व त्याने बारकाईने नोंदविले. आणि त्या कशासाठी आहेत याचा उलगडा आपणास झालेला नाही, असे त्याने सरळ कबूल केले. फेब्रुवारी १८६९ मध्ये हा छोटासा प्रबंध बर्लिन विद्यापीठास सादर झाला, आणि पॉल लांगरहान्स डॉक्टर झाला. त्या वेळी त्याचे वय एकवीस वर्षांचे होते.

प्रबंधाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. खुद्द लांगरहान्सही त्या पुंजक्यांकडे पुन्हा वळले नाहीत. पदवीनंतरची त्यांची वर्षे मोठ्या धामधुमीची गेली. १८७० साली भूगोलवेत्ते हाइन्रिख कीपर्ट यांच्यासमवेत त्यांनी इजिप्त, सिरिया व पॅलेस्टाईन या देशांचा प्रवास केला. पवित्र शास्त्रातील ज्या भूमीत महारोग्यांच्या कथा घडल्या, त्याच भूमीत त्यांनी महारोग्यांच्या वसाहतींस भेटी देऊन त्या व्याधीचा अभ्यास केला. इतक्यात जर्मनी व फ्रान्स यांच्यात युद्ध जुंपले, आणि डॉक्टर लांगरहान्स सैन्याच्या शुश्रूषापथकात रुजू झाले. युद्ध संपल्यावर लाइपझिग येथे कार्ल लुडविग यांच्या प्रयोगशाळेत काही काळ काम करून, १८७१ साली ते फ्रायबुर्ग विद्यापीठात शरीरविच्छेदनाच्या कामावर नेमले गेले, आणि थोड्याच वर्षांत तेथे प्राध्यापकपदास चढले. वय अवघे सत्तावीस, अंगी विद्वत्ता, पाठीशी गुरूंचा आशीर्वाद. पुढील मार्ग अगदी सरळ व उज्ज्वल दिसत होता.

पण विधिघटना निराळीच होती. १८७४ साली त्यांस क्षयरोगाने गाठले. विच्छेदनगृहात रोग्यांच्या प्रेतांची तपासणी करीत असतानाच त्यांस हा संसर्ग झाला असावा, असे मानतात. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. त्याचा जंतू रॉबर्ट कोख यांनी १८८२ साली शोधून काढला, आणि त्यावर गुणकारी औषध सापडण्यास तर विसावे शतक निम्मे सरावे लागले. स्वच्छ हवा, पुरेशी विश्रांती व ईश्वराची कृपा एवढेच काय ते उपाय. डॉक्टर लांगरहान्स इटलीत नेपल्स व काप्री येथे राहिले, स्वित्झर्लंडमधील डाव्होस येथे पर्वतावरील थंड हवेत राहिले. परंतु उतार पडेना. अखेर १८७५ च्या शरद्ऋतूत ते आफ्रिकेच्या किनाऱ्यापलीकडील अटलांटिक महासागरात असलेल्या मदैरा या पोर्तुगीज बेटावर गेले. फ्रायबुर्गची प्राध्यापकी त्यांस कायमची सोडावी लागली.

बेटे शोधणाऱ्या त्या पुरुषास दैवाने अखेर एका बेटावरच नेऊन ठेवले, हा योगायोग वाचकांच्या ध्यानात आलाच असेल.

येथे दुसरा एखादा हताश होऊन बसता. प्रयोगशाळा नाही, विद्यार्थी नाहीत, ग्रंथसंग्रह नाही, आप्तस्वकीय शेकडो कोसांवर. शरीरात जीवघेणा रोग. परंतु मदैराच्या सौम्य हवेने प्रकृतीस थोडा आराम पडताच डॉक्टर लांगरहान्स यांनी फुंशाल या तेथील मुख्य नगरात वैद्यकी आरंभिली. त्या बेटावर हवापालटासाठी येणारे पुष्कळ रोगी क्षयाचेच असत. स्वतः त्याच व्याधीने ग्रस्त असलेला हा वैद्य त्यांच्या उशाशी बसे, त्यांस धीर देई, आणि त्यांच्या रोगाची लक्षणे टिपून शास्त्रीय मासिकांत निबंध लिही. रोग्याचे दुःख त्यास पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. ते त्याच्या स्वतःच्या छातीत होते.

तेवढ्यानेही त्यांची जिज्ञासा तृप्त झाली नाही. दाराशी समुद्र होता. तेव्हा समुद्राच्या तळाशी राहणारे किडे गोळा करून त्यांचा अभ्यास त्यांनी मांडला. कित्येक नव्या जाती त्यांनी शोधून त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्यांपैकी एका प्राण्यास आपले गुरू फिरखो यांचे नाव दिले. दूर बेटावर पडलेल्या शिष्याची ही गुरुदक्षिणाच म्हणावयाची. १८८५ साली त्यांनी मदैरा बेटाची माहिती देणारे एक उपयुक्त पुस्तकही लिहिले, आणि त्याच वर्षी आपल्या एका दिवंगत रोग्याच्या पत्नीशी त्यांचा विवाह झाला. आयुष्याच्या संध्याकाळी का होईना, त्यांस घरचे सुख लाभले. पण ते तीनच वर्षे टिकले. १८८७ पासून त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. पाय सुजू लागले, मस्तकशूळ जडला, हातून काम होईना. २० जुलै १८८८ रोजी फुंशाल येथे त्यांचे देहावसान झाले. एक्केचाळिसावा वाढदिवस अवघ्या पाच दिवसांवर आला होता. त्याच नगरातील इंग्रजांच्या स्मशानभूमीत त्यांचा देह विसावला आहे.

चरित्रनायकाचे आयुष्य येथे संपले. परंतु त्याची खरी कथा येथूनच सुरू होते.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १८८९ साली, स्ट्रासबुर्ग येथे मिन्कोव्स्की व फॉन मेरिंग या दोघा वैद्यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड शस्त्रक्रियेने काढून टाकले. त्या कुत्र्यास तहान फार लागू लागली, मूत्र वारंवार होऊ लागले, व त्या मूत्रात साखर सापडली. आपल्या चरक-सुश्रुतांनी ज्या व्याधीस मधुमेह हे अन्वर्थक नाव दिले, तीच ही व्याधी! मात्र स्वादुपिंडाची नळी नुसती बांधून टाकली तर पाचक रस आतड्यात जाणे बंद होई, तरी मधुमेह होत नसे. यावरून असे अनुमान निघाले की, ही ग्रंथी नळीवाटे रस पाठविते त्याखेरीज आणखी काही गुप्त पदार्थ थेट रक्तात सोडीत असली पाहिजे. पण तो पदार्थ तिच्या कोणत्या भागात तयार होत असेल?

१८९३ साली फ्रान्समधील लागेस या शास्त्रज्ञास त्या विसरलेल्या प्रबंधातील पुंजक्यांचे स्मरण झाले. तो गुप्त पदार्थ तेच तयार करीत असावेत असा तर्क त्याने मांडला, आणि प्रथम शोधकाच्या सन्मानार्थ त्यांस लांगरहान्सची बेटे असे नाव दिले. पुढे रशियातील सोबोलेव्ह याने दाखविले की, नळी बांधली असता रस तयार करणाऱ्या पेशी झिजून जातात, परंतु बेटे शाबूत राहतात. १९०१ साली अमेरिकेत ओपी याने मधुमेहाने मृत झालेल्या रोग्यांच्या स्वादुपिंडात बेटेच बिघडलेली पाहिली. अशा रीतीने एकेक दुवा जुळत गेला. त्या अज्ञात पदार्थास इन्सुलिन हे नाव मिळाले तेही बेट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच.

शेवटचा दुवा कॅनडातील टोरांटो येथे १९२१ साली जुळला. फ्रेडरिक बँटिंग हा तरुण शस्त्रवैद्य व चार्ल्स बेस्ट हा त्याचा विद्यार्थी सहकारी यांनी प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत तो पदार्थ वेगळा काढला, आणि कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने तो शुद्ध केला. त्या काळी ज्या मुलांना मधुमेह होई, त्यांस अन्न तोडून केवळ काही महिने किंवा एखाद-दोन वर्षे कसेबसे जगविता येई. हाडांचे सापळे झालेली ती लेकरे आईबापांच्या डोळ्यांदेखत मिटून जात. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास इन्सुलिन टोचण्यात आले. ११ तारखेचा पहिला प्रयत्न साधला नाही. परंतु २३ तारखेपासून शुद्ध केलेले औषध देताच त्याच्या रक्तातील साखर उतरली व अंगी शक्ती येऊ लागली. जो मुलगा मृत्यूच्या दारात उभा होता, तो त्यानंतर तेरा वर्षे जगला. १९२३ साली बँटिंग व मॅक्लाउड यांस नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्यांनी त्यातील वाटा अनुक्रमे बेस्ट व कॉलिप यांस दिला.

आज आपणास त्या बेटांविषयी पुष्कळच कळले आहे. मनुष्याच्या स्वादुपिंडात अशी सुमारे दहा लाख बेटे असतात. तरीही सर्व मिळून ती ग्रंथीचा शंभरातील एक-दोन भागच व्यापतात. प्रत्येक बेटात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. बेटावरील रहिवासीही एकाच जातीचे नाहीत. बीटा नावाच्या पेशी इन्सुलिन निर्माण करून रक्तातील साखर उतरवितात. अल्फा पेशी ग्लुकागॉन नावाचा स्राव सोडून यकृतात साठविलेली साखर बाहेर काढवितात, व ती फार उतरू देत नाहीत. डेल्टा पेशींचा स्राव या दोघींसही आवर घालतो. तराजूची दोन पारडी व त्यांवर नजर ठेवणारा तोलारी, असाच हा कारभार होय. बालवयात जडणाऱ्या मधुमेहात शरीराचे रक्षक पेशीगण चुकीने बीटा पेशींवरच तुटून पडतात व त्यांचा नाश करतात. प्रौढांच्या मधुमेहात बहुधा इन्सुलिन असूनही शरीर त्यास नीट दाद देत नाही, आणि हळूहळू बीटा पेशीही थकतात.

विद्यार्थिमित्रांनो, डॉक्टर लांगरहान्स यांस यांपैकी काहीही ठाऊक नव्हते. आपण पाहिलेल्या त्या चिमुकल्या पुंजक्यांत लक्षावधी लेकरांचे प्राण साठविलेले आहेत, हे कळण्यापूर्वीच ते गेले. मग त्यांची थोरवी कशात? ती दोन गोष्टींत आहे. जे दिसले ते त्यांनी काळजीपूर्वक पाहिले व जसेच्या तसे लिहिले, ही पहिली गोष्ट. जे कळले नाही ते कळल्याचा बहाणा केला नाही, ही दुसरी. समजा, त्यांनी त्या पेशींच्या माथी एखादे खोटेच कार्य मारले असते, तर वाचणारे समाधान पावून पुढे गेले असते, आणि प्रश्नाचे दार कदाचित बंद होऊन बसते. त्यांच्या प्रामाणिक कबुलीने ते दार उघडे राहिले, व चोवीस वर्षांनी दुसरा प्रवासी त्यातून आत शिरला.

वर्गात उत्तर येत नसता ते ठाऊक नाही असे म्हणण्याची आपणास लाज वाटते. पालकांसही मुलांच्या प्रश्नापुढे तसे म्हणणे कमीपणाचे वाटते. परंतु नीट पाहून, मन लावून अभ्यास करून, मग नम्रपणे दिलेली अज्ञानाची कबुली ही आळशाच्या अज्ञानाहून अगदी निराळी असते. पहिलीतून ज्ञानाची वाट निघते, दुसऱ्यातून काहीच निघत नाही. आणि संकटाने मोठे काम हातून हिरावून घेतले तरी जे लहान काम समोर येईल ते निष्ठेने करीत राहावे, हा धडाही मदैरा बेटावरील त्या आजारी वैद्याने आपल्या तेरा वर्षांच्या वनवासाने घालून दिला आहे. पेरणी आपल्या हाती असते. कापणीचा दिवस मात्र परमेश्वराच्या हाती आहे. पुढच्या वेळी घरातील वडील माणसास इन्सुलिन घेताना पाहाल, तेव्हा फुंशाल येथे समुद्रापलीकडे चिरनिद्रा घेत असलेल्या त्या पेरणाऱ्याचे क्षणभर स्मरण करा, म्हणजे हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले.